शीतकडी न सोडता वजन कसं आवरायचं

२०२५पासून लठ्ठपणा सतत बातम्यांत आहे. फेब्रुवारी २०२५च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी घरातलं खाद्यतेल १० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं, सीबीएसईने शाळांना साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावायला सांगितले आणि वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात विकायला आली. गोव्याला हा विषय जरा जास्तच लागू आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या साधारण चारपैकी एका स्त्रीचं वजन प्रमाणाबाहेर होतं, आणि गोव्यात तीनपैकी एकीहून अधिक जणींचं. पुरुषही फार मागे नाहीत.

सल्ले देणारे मात्र पुष्कळदा मुंबई-दिल्लीचं ताट समोर ठेवून बोलतात. भात बंद, नारळ बंद, ओट्स सुरू. हे गोव्याच्या घरात पंधरा दिवस चालतं आणि सोळाव्या दिवशी हुमण (माशाची कढी) आणि शीत (भात) परत ताटात येतं. वजन कमी करण्यासाठी ताट बदलावं लागत नाही, ताटातलं प्रमाण बदलावं लागतं. ते प्रमाणही असं हवं, की पाच-दहा वर्षं निभेल. महिनाभरच टिकणारा बदल शरीर मोजत नाही. त्यामागचं कारण पुढे येईलच.

लठ्ठ कोणाला म्हणायचं?

डॉक्टर आधी बीएमआय काढतात: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १.६५ मीटर आणि वजन ७० किलो असेल, तर ७० ला २.७२ने भागायचं. उत्तर साधारण २५.७ येतं. जगभर ३०च्या पुढे लठ्ठपणा मानतात, पण भारतीयांसाठी २३च्या पुढे वजन जास्त आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात.

आपल्याला वेगळा नियम का, याचं सर्वांत बोलकं उदाहरण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं आहे. २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. हातपाय बारीक, स्नायू कमी आणि पोटात चरबी, अशी आपल्याकडच्या अनेकांची ठेवण असते. पोटातली ही चरबी यकृत आणि आतड्यांभोवती साठते. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी तिचा संबंध मांडी-दंडावरच्या चरबीपेक्षा कितीतरी घट्ट आहे.

म्हणून वजनकाट्याआधी शिवणकामाची टेप घ्या. सकाळी, काही न खाता मोजा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कडा यांच्या बरोबर मध्यावर, उघड्या अंगावर टेप लावा. बहुधा ती बेंबीच्या थोडी वर येते. टेप सगळीकडून आडवी, एका पातळीत हवी. श्वास नेहमीसारखा सोडल्यावर आकडा वाचा, पोट आत ओढू नका. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८०च्या आत हवा. लक्षात ठेवायला आणखी सोपा हिशेब म्हणजे घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. चूक होते ती पँटचा नंबर बघून. पोट सुटलं की पँट पोटाखाली उतरते आणि नंबर तोच राहतो.

उतरलेलं वजन परत का चढतं?

अन्नातली ऊर्जा किलोकॅलरीत मोजतात. बोलताना आपण तिला कॅलरीच म्हणतो, इथेही तसंच म्हणू. खर्चापेक्षा कमी कॅलरी पोटात गेल्या की वजन उतरतं, यात वाद नाही. पण हे गणित सरळ रेषेत चालत नाही.

खाडीकाठच्या खाजन शेताच्या बांधावरची मानस, म्हणजे पाणी अडवणारी दारं, आठवा. भरती आली की तिची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, त्यामुळे खारं पाणी शेतात शिरत नाही आणि आतलं बाहेर जातं. चरबीच्या बाबतीत शरीराने ही दारं उलटी बसवली आहेत. आत येणाऱ्याला वाट मोकळी आणि बाहेर जाणाऱ्याला अडसर. वजन पाच-सहा किलो उतरलं की चरबीच्या पेशींतून मेंदूला 'साठा पुरेसा आहे' सांगणारं लेप्टिन कमी होतं, भूक वाढते, आणि शरीर हलकं झाल्यामुळे तेवढ्याच हालचालीला कमी ऊर्जा लागते. दुष्काळात जीव वाचावा म्हणून ही व्यवस्था आहे. 'माझं मनच कमजोर' असं स्वतःला बोलणाऱ्यांनी हे जरूर समजून घ्यावं. भूक वाढते हा शरीराचा ठरलेला प्रतिसाद आहे.

यातून एक उपयोगी अंदाज निघतो. रोज १०० कॅलरी कायमच्या कमी केल्या, तर वजन शेवटी साधारण चार किलोंनी उतरतं. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात आणि उरलेलं पुढच्या दोनेक वर्षांत. वेग कमी वाटेल, पण १०० कॅलरी म्हणजे एखादा पाव. असे तीन बदल एकत्र केले तर बारा किलोंचा प्रश्न सुटतो. त्याउलट अर्धपोटी राहून महिन्यात सहा किलो उतरवले, तर त्यात पाणी आणि स्नायूही जातात, आणि खाणं पूर्ववत झालं की परत येते ती मुख्यतः चरबी.

भात सोडायचा का?

नाही. मोजायचा.

कच्च्या तांदळात १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी असतात. एका वेळेला माणशी ६० ग्रॅम कच्चा तांदूळ घेतला, तर २१० कॅलरी होतात आणि शिजून पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भात होतो. आपल्याकडे मासळीच्या जेवणात दोनदा शीत वाढलं की हाच आकडा सहज दुप्पट होतो, आणि ते दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा. वाटीने मोजू नका, प्रत्येक घरातली वाटी वेगळी. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणा, एकदा ६० ग्रॅम तांदूळ तोलून तो कुठल्या पेल्यात किती येतो ते बघा आणि पेल्यावर खूण करा. पुढे काट्याची गरज पडत नाही. टोपात मुळात मोजकाच भात असेल तर 'थोडं आणखी घे'चा आग्रहही होत नाही. हे मोठं काम टोप करतो.

उकडा तांदूळ चांगलाच. त्यात बी जीवनसत्त्वं जास्त टिकतात आणि पुष्कळांची साखर त्याने जरा सावकाश चढते. पण कॅलरी जवळपास सुरय (न उकडलेल्या) तांदळाएवढ्याच. 'उकडं आहे म्हणून' दुसऱ्यांदा घेतलं की फायदा संपला. पेजेत पाणी पुष्कळ असल्यामुळे एका वाडग्यात कॅलरी कमी असतात, पण तिच्यासोबत नुसतं लोणचं असेल तर प्रथिनं जवळपास शून्य आणि मीठ भरपूर. पेजेबरोबर एखादं उकडलेलं अंडं किंवा तोणाक (कडधान्याची रसभाजी) असावं.

भात कमी केला की ताटात जागा रिकामी होते, ती भरली नाही तर तासाभरात भूक लागते. घसरगुंडी इथेच होते. ती जागा दोन गोष्टींनी भरायची.

पहिली गोष्ट म्हणजे भाजी. गोव्याच्या ताटात भाजी चमचाभर, तोंडी लावण्यापुरती असते. तांबडी भाजी, भेंडी, दुधी, तेंडली, कोहळा, काहीही चालेल, पण चौघांसाठी एका वेळेला निवडून-चिरून ६०० ग्रॅम शिजवा. माणशी दीडशे ग्रॅम. बटाटा आणि कणगीसारखे कंद यांत धरू नका, ते भाताच्या बाजूला जातात.

दुसरी गोष्ट प्रथिनं, म्हणजे मासळी, अंडी, कडधान्यं, दही. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. वजन कमी करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज साधारण एक ग्रॅम प्रथिनं हवीत (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं). बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात १९-२० ग्रॅम प्रथिनं मिळतात. तारले आणि बांगडे स्वस्त आहेत आणि हृदयाला चांगली असलेली चरबीही त्यांत आहे. वजनासाठी इसवणच (सुरमई) हवा असं काही नाही.

अडचण सोमवारी येते, आणि श्रावणात तर महिनाभर. शिवराक (शाकाहारी) जेवणात मासळी गेली की तिच्या जागी बहुधा बटाट्याची भाजी, पापड आणि जास्तीचा भात येतो. त्या दिवशी प्रथिनं निम्म्यावर घसरतात आणि संध्याकाळी भूक खवळते. शिवराक दिवशी माणशी ४० ते ५० ग्रॅम सुके आळसांदे (चवळी), मूग किंवा वाटाणे भिजवून तोणाक किंवा मुगागाठी करा आणि सोबत वाटीभर दही घ्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हाही हेच धोरण. सुकी सुंगटां (कोळंबी) आणि खारे बांगडे चवीपुरतेच, कारण त्यांतलं मीठ रक्तदाब वाढवतं.

नारळ आणि तेल

ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला ३५० कॅलरी. चौघांच्या कढीत अर्धा नारळ, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास खव गेला, तर माणशी सुमारे ११० कॅलरी होतात. एवढं खपून जातं. पण त्याच जेवणात भाजीवर खोबरं, किसमुरीत खोबरं आणि वर सोलकढी नारळाच्या रसाची असली की बेरीज तिप्पट होते. म्हणून साधा नियम: एका जेवणात नारळ एकाच पदार्थात. कढीत असेल तर भाजीला फक्त मोहरी-मिरचीची फोडणी, आणि सोलं नुसत्या पाण्यात कालवून घ्या. खोबरेल तेलातली बहुतांश चरबी संपृक्त असते. ज्यांचं वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे त्यांनी रोजच्या फोडणीला ते वापरू नये.

तेल मात्र न दिसता आत जातं. पोहे खायच्या एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी. तळलेल्या मासळीचा दोष मासळीत नसतो, रव्यात असतो. रवा तेल पितो. रेशाद मसाला लावून, रवा न लावता, बिडाच्या तव्यावर चार तुकड्यांना दोन चहाचे चमचे तेल घालून मंद आचेवर भाजा. तवा आधी नीट तापला नसेल तर मासा चिकटतो, आणि चिकटला की आपण तेल ओततो. सगळी गडबड तिथे आहे. केळीच्या पानात गुंडाळून भाजलेला बांगडाही उत्तम.

घरात किती तेल जातं हे कळायला महिन्याच्या पहिल्या तारखेला चौघांसाठी दोन लिटर तेल वेगळं काढून ठेवा. वीस तारखेला संपलं तर पुढच्या महिन्यात कुठला पदार्थ कमी करायचा ते घरातच ठरेल.

सकाळ-संध्याकाळचा पाव

पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्यासरशी दारात येणारा पाव सोडा असं कोणी म्हणू नये. पण एका साध्या पावात शंभर कॅलरी धरा आणि भाजी-पावाच्या बशीत किती पाव गेले ते मोजा. पोयी (कोंडा लावलेला पाव) निवडलीत तरी वरच्या कोंड्यावर जाऊ नका, आत पुष्कळदा मैदाच असतो. पोदेराला सरळ विचारा. पाव दोन खायचा असेल तर सोबतचं मिरची भजं सोडा.

चहाचं गणित मोठं आहे. चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना बाहेरून घातलेली साखर २,००० कॅलरींच्या आहारात शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलात तर दोन महिन्यांत जीभ सरावते. एकदम बंद केली की आठवड्यात परत सुरू होते.

चवथीच्या दिवशी नेवऱ्या (करंज्या) खाव्यात, मनापासून. वजन त्या दिवसाने वाढत नाही. नंतर दहा दिवस डबा हाताशी राहतो त्याने वाढतं. विसर्जनानंतर डबे वाटून टाका.

फेणी, बियर आणि चखणा

दारूच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी, साखरेच्या जवळपास दुप्पट. फेणी ४२.८ टक्क्यांची धरली, तर ६० मिलीलिटरमध्ये सुमारे १४० कॅलरी होतात. वर गोड सोड्याची बाटली ओतली की शंभरेक आणखी. ५ टक्क्यांच्या ३३० मिलीलिटर बियरमध्येही जवळपास १४०च. शरीर दारू आधी जाळतं आणि चरबीचं ज्वलन तोवर थांबवतं. शिवाय तिच्यासोबत मूठभर काजू जातात: ३० ग्रॅमला १६५ कॅलरी. काजू वाईट नाही, पण पेल्याबरोबर तो मोजला जात नाही. उर्राकाच्या (काजूच्या बोंडांच्या हलक्या दारूच्या) हंगामात पोट वाढतं ते असं.

सर्वांत चांगलं म्हणजे न पिणं. पिणाऱ्याने आठवड्याचे कोरडे दिवस ठरवावेत, जेवण आधी उरकावं आणि गोड सोड्याऐवजी पाणी, लिंबू किंवा साधा सोडा घ्यावा. यकृतावर चरबी असल्याचं सोनोग्राफीत आलं असेल, तर पिणं थांबवलेलंच बरं.

'रोज चालतो, तरी वजन उतरत नाही'

खरं आहे, आणि यात आश्चर्य काही नाही. सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालून सुमारे १४० कॅलरी जातात, म्हणजे फेणीचा तो एक पेला. नुसत्या चालण्याने वजन दोन-तीन किलोंपलीकडे क्वचितच उतरतं. तरीही चाललंच पाहिजे. पोटातली चरबी, रक्तदाब आणि साखर यांवर चालण्याचा परिणाम काट्यावर दिसतो त्याहून मोठा असतो. चेन्नईतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या २००६च्या अभ्यासात आहार आणि व्यायाम बदललेल्यांमध्ये मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात फारसा फरक न पडता. दुसरं म्हणजे उतरलेलं वजन टिकवायला व्यायामासारखं साधन नाही.

आठवड्याला किमान १५० मिनिटं अशा वेगाने चाला, की बोलता येईल पण गाता येणार नाही. वजन टिकवण्यासाठी हळूहळू २५० मिनिटांपर्यंत न्या. गुडघे दुखत असतील तर दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं. जेवणानंतरची दहा मिनिटं साखरेसाठी विशेष कामाची. आपल्याकडे पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर चालायलाही गाडी काढून जातात. कोपऱ्यावरच्या दुकानात पायी गेलात तर तेही त्या १५० मिनिटांत येतं.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच, नाहीतर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा भाग स्नायूंचा असू शकतो. जिमची गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात टेकून दहा दंड, पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या दहा वेळा खांद्यावर उचला. हे सगळं तीनदा. पंधरा मिनिटं लागतात. पावसाळ्यात चार महिने चालणं बंद पडतं तेव्हा हे आणि घरातल्या पायऱ्या यांवर भागवा. पुष्कळांचं वजन जून ते सप्टेंबरमध्येच हाताबाहेर जातं.

झोप आणि रात्रपाळी

सात तासांहून कमी झोपलं की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड-तेलकट हवंसं वाटतं. हॉटेलं, कॅसिनो आणि कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी घ्यावं, मध्यरात्री अंडी, फळ किंवा उसळ असं हलकं काही घ्यावं, आणि सकाळी घरी येऊन भरपेट जेवून लगेच झोपू नये. मोठ्याने घोरणं आणि दिवसा डुलक्या हे दोन्ही असेल तर झोपेत श्वास अडकत असण्याची शक्यता असते. डॉक्टरांना सांगा.

'माझं तर थायरॉइडचं आहे', 'आमच्या घराण्यातच आहे'

थायरॉइड मंद असेल तर वजन वाढतं, पण बहुधा थोडंच, आणि त्यातला बराच भाग पाण्याचा. गोळीने पातळी ठीक झाली असेल तर उरलेलं वजन थायरॉइडचं नसतं. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारांची काही औषधं मात्र वजन खरोखर वाढवतात. ती मनाने बंद करू नका, पर्याय विचारा. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. म्हणून कोणाला टोमणे मारून वजन उतरत नाही. पण तेच जनुक असलेले आजोबा शेतात राबत होते, तेव्हा त्यांना पोट नव्हतं.

मुलांना डाएटवर ठेवू नका. गोड पेयं घरात आणणं थांबवा, रोज तासभर खेळू द्या. उंची वाढते तसा बीएमआय पुष्कळदा आपोआप सुधारतो.

मग इंजेक्शनच घेतलं तर?

मौंजारो मार्च २०२५मध्ये आणि वेगोवी जून २०२५मध्ये भारतात आलं. आठवड्याला एक टोचणी. ही औषधं भूक कमी करतात आणि पोट सावकाश रिकामं होऊ देतात. वेगोवीतल्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलं. औषध खरं आहे आणि ज्यांना गरज आहे त्यांनी लाजू नये. पण त्याच चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. मानशीची उलटी दारं औषध असेपर्यंतच नीट चालतात.

म्हणून ते घेतानाही प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम लागतोच, उलट जास्त लागतो, कारण भूक मेल्यावर लोक पेज-बिस्किटांवर राहतात आणि स्नायू झिजतात. मळमळ आणि बद्धकोष्ठता नेहमीचीच. गरोदरपणात ते चालत नाही, आणि पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा घरात थायरॉइडच्या विशिष्ट प्रकारच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. ओळखीच्या फार्मसीतून परस्पर आणून टोचू नका.

औषध असो वा नसो, पहिलं लक्ष्य सहा महिन्यांत ५ टक्के ठेवा. सत्तर किलोच्या माणसासाठी साडेतीन किलो. एवढ्यानेही रक्तदाब आणि साखर खाली येऊ लागतात. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डोस कमी करावा लागू शकतो. खाणं कमी केलं आणि गोळी तीच राहिली तर साखर एकदम घसरून चक्कर येते, म्हणून सुरू करण्याआधीच डॉक्टरांना भेटा. काट्यावर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी सकाळी उभे राहा आणि घेर महिन्याला मोजा. सहा-आठ आठवडे काटा हलला नाही तर उपास सुरू करू नका. आधी तांदळाच्या पेल्यावरची खूण, तेलाचा डबा आणि चहातले चमचे तपासा. बहुधा तिघांपैकी एक काहीतरी हळूच पूर्वीच्या जागी गेलेलं सापडतं.